पानओव्याला ओवा लागत नाही

कुंडीतल्या जाड, लवदार पानांच्या झाडाकडे बोट दाखवून ‘हे ओव्याचं झाड’ असं सांगितलं जातं आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: याला ओवा कधी धरणार? कधीच नाही. हा पानओवा, कोलियस अँबॉइनिकस, तुळस-पुदिन्याच्या कुळातला. डब्यातला ओवा ट्रॅकिस्पर्मम अम्मी या वेगळ्याच वनस्पतीचा. ती कोथिंबीर, जिरे, बडीशेप यांच्या कुळातली. तिची पानं शेपूसारखी बारीक चिरलेली, फुलं पांढरी, छत्रीसारख्या झुबक्यांत. राजस्थान-गुजरातेत ती रब्बीत पेरतात आणि दाणे भरले की रोप वाळून जातं. पानओवा वर्षानुवर्षं जगतो, क्वचित फुलतो, आणि फुललाच तर मंजिरीसारखा फिकट जांभळा तुरा येतो. मसाल्याचा दाणा त्यात नसतो.

‘पण वास तर हुबेहूब ओव्याचा!’ हा आक्षेप हमखास येतो, आणि वासाचं निरीक्षण बरोबरच आहे. ओव्याच्या तेलात थायमॉल भरपूर असतं. पानओव्याच्या तेलात कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल, झाडागणिक कमीजास्त. या दोन रेणूंत अणू तेवढेच, फक्त एका गटाची जागा वेगळी. नाकाला दोन्ही जवळपास सारखेच लागतात. पण वासावरून कूळ ठरत नाही. गवती चहाला लिंबाचा वास येतो, म्हणून कुणी त्याला लिंबं लागायची वाट पाहत नाही. पानओव्याच्याच बाबतीत ही साधी गोष्ट पुन्हा पुन्हा का सांगावी लागते, कळत नाही. पानांची भजी होतात, खोकल्याला घरोघर रस देतात, हेही पुरावे म्हणून पुढे केले जातात. उपयोग जुळले म्हणून झाड एक होत नाही.

नावाची ही गल्लत निरुपद्रवी असती तर सोडून देता आली असती. पण मसाल्याचं पीक समजून रोज पाणी घातलं जातं आणि झाड मुळाशी कुजतं. पानओव्याचं पान मांसल असतं, पाणी साठवणारं. त्यावरची लव दोन प्रकारची: टोकदार केस पानालगतची हवा धरून ठेवतात, त्यामुळे बाष्प कमी उडतं, छोट्या ग्रंथींत ते वासाचं तेल असतं, म्हणून पान चुरगळलं की घमघमतं. ही रचना कोरड्या दिवसांसाठीची आहे. जव्हार-मोखाड्यात तर वर्षाचे दोन टोकाचे भाग पडतात: जून ते सप्टेंबर धो धो पाऊस आणि मग महिनोन् महिने कोरडं. मोखाड्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. तिथे कुंडीला रोज पाणी कुठून द्यायचं, ही चिंता रास्त आहे. पण या झाडाला ते लागतच नाही. वरची माती बोटाला कोरडी लागली की पाणी द्यावं, आणि दुपारच्या कडक उन्हातून कुंडी आडोशाला घ्यावी. खरा धोका उलट्या बाजूला आहे. पागोळ्यांखाली ठेवलेला पानओवा मे महिन्यातून सुखरूप निघतो आणि आषाढात मरतो. पावसाळ्यात त्याची जागा पडवीत, उजेडाच्या बाजूला. कुंडीला खाली भोक, मातीत वाळू किंवा बारीक मुरूम.

लव म्हणजे बुरशी किंवा धूळ, हा समज पुसून टाकावा आणि पानं फडक्याने पुसू नयेत. उन्हात पानावर पडलेला थेंब भिंगासारखा पान जाळतो, ही भीती मात्र सरसकट खोटी म्हणता येत नाही. हंगेरीतील गाबोर होर्वाथ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’मध्ये दाखवलं की गुळगुळीत पानावर थेंबाने डाग पडत नाहीत, पण साल्व्हिनिया या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्याच्या केसांवर थेंब उचलून धरला गेला, तर पडू शकतात. पानओव्याला त्याहून मोठा त्रास लवेत अडकून राहणाऱ्या ओलीचा, म्हणून पाणी मातीतच घालावं.

पानफुटी आणि पानओवा एक नव्हेत. पानफुटीच्या पानाच्या कडेवर रोपं फुटतात. पानओव्याला दोन-तीन पेरांची फांदी लागते. खालची पानं काढायची, एक पेर मातीत जाईल अशी खोचायची आणि मूळ धरेपर्यंत सावलीत ठेवायची. पाऊस ओसरल्यावर लावलेली फांदी सहसा दोन-तीन आठवड्यांत मूळ धरते.