चूल, धूर आणि धुराडे

१९४८ साली आपल्या देशात कारखान्यांचा कायदा झाला. त्याच्या चौदाव्या कलमात असे सांगितले होते की, ज्या कामातून कामगारास अपायकारक धूळ अगर धूर निघतो, तेथे तो त्याच्या नाकातोंडात जाणार नाही असा बंदोबस्त करावा. आणि धूर ओढून नेणारे साधन बसवावयाचे तर ते धुराच्या उगमाच्या होता होईल तितके जवळ बसवावे. या एका कलमाच्या अंमलबजावणीसाठी आम्ही चळवळीतल्या माणसांनी पुष्कळ अर्ज लिहिले आणि पुष्कळ उंबरे झिजविले. परंतु ज्या माउलीने पहाटे उठून चुलीवर भाकरी थापून आमचा डबा भरला, तिच्या डोक्यावर धुराडे आहे की नाही, हे पाहावयास कोणी निरीक्षक कधी आला नाही. घर म्हणजे कारखाना नव्हे, असे कायदा मानतो. फुप्फुसाला हा भेद ठाऊक नसतो.

गॅस घरोघर पोचला असता चुलीचे पुराण कशाला, असे कोणी विचारील. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरिबांच्या घरी शेगडी आली, हे खरे. परंतु टाकी संपली आणि पैसे हाती नसले की परसातली चूल पुन्हा पेटते. न्हाणीघरातला बंब, खानावळीची भट्टी, गावाकडचे घर, यांतून लाकूड गेलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षी घरातल्या धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालील मुले दोन लाखांहून अधिक होती. दमा, मुलांचा न्युमोनिया, हृदयविकार, मोतीबिंदू हे सारे या धुराच्या पदरी आहेत. तेव्हा जोवर लाकूड जळते आहे, तोवर ते नीट कसे जाळावे हे समजून घेणे आपले काम आहे.

प्रथम धूर म्हणजे काय ते पाहू. लाकूड जळते असे आपण म्हणतो. पण आच लागताच आधी त्यातले पाणी वाफ होऊन जाते, मग लाकूड तापून त्यातून वायू सुटतात आणि ज्वाला दिसते ती त्या वायूंची असते. वाळल्या लाकडाच्या वजनाचा तीनचतुर्थांश भाग असा वायुरूपाने निघून जातो; उरतो तो कोळसा. हे वायू पुरेशी हवा आणि पुरेशी आच मिळाली तर जळून जातात. न मिळाली तर धूर होऊन बाहेर पडतात. म्हणजे धूर हे न जळलेले जळण आहे. ज्या घरात धूर फार, त्या घरात सरपणाचा पैसाही हवेत जातो.

म्हणून पहिली गोष्ट लाकडाची. नुकत्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ अर्धे वजन पाण्याचे असू शकते. ते फोडून, छपराखाली, जमिनीपासून वर, हवा खेळेल असे रचून ठेवावे. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या असता टणक आवाज आला आणि टोकाला चिरा पडलेल्या दिसल्या, की लाकूड वाळले असे समजावे. रंग दिलेल्या चौकटी, प्लॅस्टिकच्या पिशव्या, वायरीचे तुकडे चुलीत घालू नयेत. त्यांचा धूर विषारी असतो.

दुसरी गोष्ट धुराड्याची. गरम हवा हलकी असल्यामुळे वर चढते आणि तिच्या जागी चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते. नळ जितका उंच व जितका गरम, तितकी ही ओढ जोराची. नळ सरळ उभा असावा. वळण द्यावेच लागले तर तिरके द्यावे, काटकोनात देऊ नये. घरगुती चुलीला चार इंच व्यासाचा नळ सामान्यतः पुरतो. छपरातून बाहेर पडल्यावर तो निदान तीन फूट वर जावा, आणि दहा फुटांच्या आत छपराचा जो उंच भाग असेल त्याहून दोन फूट उंच असावा. एरवी वारा छपरावरून खाली उतरतो आणि धूर उलटा घरात ढकलतो. वर पावसासाठी टोपी हवी. पण ती धुराला वाट राहील इतकी उंच बसवावी.

लोखंडी नळ तापतो, म्हणून लाकडी वासे, रीप आणि फळ्या यांपासून तो दीड फूट तरी दूर असावा. नुसती लोखंडी शेगडी असेल तर तीन फूट. गवती किंवा लाकडी छपरातून नळ न्यावयाचा असेल तर भोवताली मोकळी जागा ठेवून पत्र्याची रुंद पट्टी बसवावी, आणि हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्यावे. जुन्या सरकारी चुलींना सिमेंट-ॲस्बेस्टॉसचे नळ असत. त्याचे तंतू छातीत गेल्यास कर्करोग होऊ शकतो. तसा नळ घरी असल्यास त्याला करवत किंवा कानस लावू नये. आणि धुराडे असले तरी खिडकी बंद करू नये. आत हवा आलीच नाही तर नळ ओढील काय?

तिसरी गोष्ट पेटविण्याची. बारीक काटक्यांनी सुरुवात करावी, जाळ धरल्यावर मोठी लाकडे सारावी. चुलीचे तोंड लाकडांनी गच्च भरू नये. निखाऱ्यांवर रॉकेल कधीही ओतू नये; त्याची वाफ भडकते आणि ज्वाला हाताकडे धावते. पदर खोचलेला असावा, मुले दूर असावीत, पाण्याची बादली जवळ असावी. मात्र कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी न टाकता झाकण ठेवावे. राख थंड दिसली तरी तिच्या पोटात निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घराबाहेर ठेवावी. भाजल्यास वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नये.

आता जो शत्रू दिसत नाही त्याविषयी. अपुऱ्या हवेत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, गरगरते. झोपेत असला तर माणूस उठतच नाही. थंडीत निखाऱ्यांची शेगडी खोलीत घेऊन दारे लावून निजणे आणि बंद न्हाणीघरात बंब पेटविणे, हे म्हणून जिवावरचे खेळ आहेत. बंब उघड्यावर असावा आणि पाणी आत आणावे. कोणी गुंगलेला आढळल्यास दारे उघडून त्याला मोकळ्या हवेत न्यावे आणि १०८ ला फोन करावा.

शेवटची गोष्ट देखभालीची, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. धूर कोंडू नये हा विचार आपल्याकडे नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगनचूल निघाली. १९५३ साली हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी निर्धूर स्वयंपाकघरांवर पुस्तिका लिहिली. १९८०च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि तो २००२ साली बंद झाला. पुढे ओडिशात संशोधकांनी अशा चुलींची काही वर्षे पाहणी केली. २०१२ साली त्यांनी मांडले की, पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. नंतर तो फायदा नाहीसा झाला. चुली तडकल्या, नळ तुंबले, आणि ते दुरुस्त करण्याचे काम कोणी आपले मानले नाही.

संघटना बांधणाऱ्याला यात नवल वाटत नाही. वरून वाटलेली वस्तू आणि आपण मागून घेतलेली वस्तू यांत हा फरक राहतोच. चूल कोठे असावी, तिची उंची किती, खिडकी कोणत्या भिंतीला, हे जी तिच्यापुढे बसते तिला विचारून ठरवावे. नळातली काजळी महिन्यातून एकदा काढावी. ती साचली तर धूर मागे फिरतो, आणि एखादे दिवशी नळातच पेट घेते. काजळी काढण्यापूर्वी चूल पूर्ण थंड असावी, आणि छपरावर चढण्याचे ते काम घरातल्या धडधाकट पुरुषाने आपल्या नावावर लिहून घ्यावे.

गिरणीत पंखा बंद पडला तर आम्ही यंत्र थांबवीत असू. घरी धुराडे तुंबले तर चूल थांबत नाही, कारण पोटे थांबत नाहीत. म्हणून तेथे तक्रारीची वाट पाहू नये. या रविवारी आपापल्या घरी, आणि गावाकडे आईच्या घरी, नळावर एकदा हात ठोठावून पाहा.