सरीसृप-निवासांचे जंतुनाशन
साप, सरडे, कासवे इ. सरपटणारे प्राणी ज्या पेट्या, पिंजरे, काचपात्रे किंवा टाक्या यांत ठेवले जातात, त्यांतील रोगकारक सूक्ष्मजीवांचा नाश करण्याची अथवा त्यांची संख्या निरुपद्रवी पातळीपर्यंत खाली आणण्याची क्रिया. जंतुनाशन आणि निर्जंतुकीकरण या दोन संज्ञा व्यवहारात एकाच अर्थाने वापरल्या जातात. परंतु निर्जंतुकीकरणात बीजाणूंसह सर्व सूक्ष्मजीवांचा संपूर्ण नाश अभिप्रेत असतो. प्राण्याच्या निवासात अशी अवस्था साधता येत नाही व तिची आवश्यकताही नसते. जंतूंचा नाश व्हावा, मात्र तेथे राहणाऱ्या प्राण्याला व त्याची देखभाल करणाऱ्या माणसाला अपाय होऊ नये, एवढेच येथे साधावयाचे असते. हे यश एखाद्या विशिष्ट औषधावर अवलंबून नसून कृतींच्या क्रमावर अवलंबून असते. मळावर ओतलेले प्रभावी जंतुनाशकही बहुतांशी वाया जाते.

महाराष्ट्रातील उपयोग व कायदेशीर मर्यादा : भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार बहुतेक सर्व देशी साप, घोरपड व कासवे अनुसूचित असून परवान्याशिवाय ती पकडणे, बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. घरोघरी शुभ मानून ठेवले जाणारे तारा कासवही त्यात येते. अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या इग्वाना, बॉल अजगर यांसारख्या विदेशी जातींची नोंदणी करणे मालकांना बंधनकारक झाले असून तिचे नियम २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे कायदेशीरपणे पाळलेले विदेशी सरीसृप, मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालये व सर्पोद्याने (उदा., पुण्याजवळील कात्रज येथे १९८६ मध्ये स्थापन झालेले सर्पोद्यान) आणि विषसंकलनासाठी साप ठेवणाऱ्या संस्था ही या क्रियेची प्रमुख क्षेत्रे होत.

परभणीसारख्या जिल्ह्यात याखेरीज आणखी एक क्षेत्र महत्त्वाचे आहे. गोदावरीच्या खोऱ्यातील या जिल्ह्यात वनक्षेत्र अत्यल्प असून बहुतेक जमीन लागवडीखाली आहे. उंदरांच्या मागावर नाग, घोणस, मण्यार, धामण इ. साप शेतांत, धान्याच्या कोठारांत व घरांत येतात. सर्पमित्र ते पकडतात व वनखात्यास कळवून योग्य ठिकाणी सोडतात. पकडल्यापासून सोडेपर्यंतचा काळ थोडा असला, तरी त्या काळात एकच बरणी, पेटी वा पिशवी पाठोपाठ अनेक सापांसाठी वापरली जाते. तीत राहिलेला संसर्ग पुढच्या सापास लागला व तो साप रानात सोडला गेला, तर रोग मुक्त प्राण्यांत पसरण्याचा संभव असतो. घरातील काचपात्राची अस्वच्छता एका प्राण्यास भोवते, तर सर्पमित्राच्या अस्वच्छ पिशवीचे परिणाम अनेक प्राण्यांना भोगावे लागू शकतात.

रोगकारक सूक्ष्मजीव व परजीवी : साल्मोनेला वंशातील सूक्ष्मजंतू अनेक निरोगी सरीसृपांच्या आतड्यांत स्वाभाविकपणे राहतात व विष्ठेबरोबर अधूनमधून बाहेर पडतात. प्राण्यात रोगाचे कोणतेही लक्षण दिसत नाही. माणसाला मात्र त्यांच्यामुळे जुलाब, ताप आणि क्वचित रक्तदूषण होते. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, गर्भवती स्त्रिया व रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्ती यांना धोका अधिक असतो. अमेरिकेत लहान कासवे मुलांच्या हाती देण्याच्या प्रथेमुळे असा संसर्ग इतका वाढला की, १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा (सु. १० सेंमी.) कमी लांबीच्या कवचाच्या कासवांच्या विक्रीवर तेथे बंदी घालावी लागली. प्रतिजैविके देऊन प्राण्यातील साल्मोनेला समूळ नाहीसे करता येत नाहीत. उलट औषधांना दाद न देणारे वाण निर्माण होतात. म्हणून निवासाची स्वच्छता व हातांची स्वच्छता हेच खरे प्रतिबंधक उपाय ठरतात.

पाण्याच्या भांड्याच्या आतील बाजूस जो बुळबुळीत थर जमतो, त्यात स्यूडोमोनस, एरोमोनस इ. सूक्ष्मजंतू वाढतात. ते संधी मिळताच प्राण्याच्या तोंडात, फुप्फुसांत वा जखमेत रोग उत्पन्न करतात. सापांच्या श्वसनमार्गाचे काही व्हायरसजन्य रोग स्रावांवाटे पसरतात. यांपैकी ज्या व्हायरसांना मेदयुक्त आवरण असते, ते प्रक्षालके व क्लोरीन यांनी सहज निष्प्रभ होतात. याउलट क्रिप्टोस्पोरिडियम या आदिजीवाच्या अंडपुट्या नेहमीच्या बहुतेक जंतुनाशकांना दाद देत नाहीत. त्याच्या एका जातीमुळे सापाच्या जठराची भित्ती जाड होते व साप अन्न ओकून टाकू लागतो. ऑफिओनिसस नॅट्रिसिस ही सापांवरील गोचिडवर्गीय माइट निवासाच्या फटींत अंडी घालते. तिच्यावरही जंतुनाशकांचा भरवसा धरता येत नाही. या दोहोंसाठी उष्णता व कोरडेपणा यांचा अवलंब करावा लागतो.

कृतींचा क्रम : प्रथम प्राणी दुसऱ्या स्वच्छ, झाकणाच्या व हवेशीर पात्रात हलवितात. तो निवासात असताना कोणतेही जंतुनाशक वापरीत नाहीत. नंतर विष्ठा, कात, उरलेले खाद्य व अंथरूण काढून पिशवीत बांधून टाकतात. सापांच्या व सरड्यांच्या विष्ठेबरोबर पडणारा पांढरा, खडूसारखा भाग म्हणजे मुख्यत्वे यूरिक अम्ल व त्याची लवणे होत. ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत व वाळल्यावर घट्ट चिकटतात. म्हणून कोमट पाण्याने भिजवून ती खरवडून काढावी लागतात. त्यानंतर साबण वा प्रक्षालक आणि ब्रश यांनी सर्व पृष्ठभाग, कोपरे, सरकत्या काचांच्या खाचा व पाण्याची भांडी घासून स्वच्छ पाण्याने धुतात.

जंतुनाशक लावण्याची वेळ त्यानंतर येते. क्लोरिनासारखी द्रव्ये सेंद्रिय पदार्थांशी विक्रिया होऊन खर्च होतात. पृष्ठभागावर विष्ठा शिल्लक असेल, तर त्यांची शक्ती तिच्यावरच संपते आणि तळाचे जंतू सुरक्षित राहतात. साबणाचा अंश राहिल्यास क्लोरहेक्झिडीन व चतुष्क अमोनियम संयुगे निष्प्रभ होतात. द्रव पृष्ठभागावर ठराविक वेळ, सामान्यतः किमान १० मिनिटे, ओला राहिला पाहिजे. लावताच पुसून टाकल्यास अपेक्षित परिणाम होत नाही. शेवटी भरपूर पाण्याने दोनतीनदा धुऊन निवास पूर्ण वाळवितात. वास पूर्णपणे गेल्यावर, नवे अंथरूण घालून व आतील तापमान त्या जातीला योग्य अशा पातळीवर आणून मगच प्राण्यास परत ठेवतात. सरीसृपांच्या शरीराचे तापमान परिसरावर अवलंबून असल्याने थंड व ओलसर निवास त्यांना अपायकारक ठरतो.

विष्ठा दिसताच काढणे व पिण्याचे पाणी रोज बदलून भांडे घासणे हा नित्यक्रम होय. संपूर्ण जंतुनाशन प्राण्याच्या संख्येनुसार व जातीनुसार ठराविक काळाने करतात. अनेक प्राणी असल्यास निरोगी प्राण्यांचे निवास आधी, नव्याने आलेल्यांचे नंतर व आजारी प्राण्यांचे सर्वांत शेवटी साफ करतात. प्रत्येक गटासाठी ब्रश, चिमटे व बादल्या वेगळ्या ठेवतात.

जंतुनाशक द्रव्ये : स्वस्त व सहज मिळणारे द्रव्य म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचा विद्राव होय. त्याचे सु. ०.५% प्रमाण पुरेसे असते. मूळ विद्राव ५% असल्यास त्याच्या १ भागात ९ भाग पाणी व ४% असल्यास ७ भाग पाणी मिसळतात. विरंजक चूर्णात ताजेपणी सु. ३०–३५% उपलब्ध क्लोरीन असतो, १ लि. पाण्यात सु. १५ ग्रॅ. चूर्ण कालवून, गाळ खाली बसू देऊन वरची निवळी घेतल्यास साधारण तेवढेच प्रमाण मिळते. क्लोरिनाने धातू गंजतात. म्हणून जाळ्या व बिजागऱ्या लगेच धुवाव्या लागतात. क्लोरहेक्झिडीन सौम्य असून भांडी व उपकरणे यांसाठी उपयुक्त असते, परंतु बीजाणूंवर व अंडपुट्यांवर ते परिणामकारक नाही. ७०% अल्कोहॉल लहान उपकरणांस चालते. ते ज्वालाग्राही असल्याने तापविणाऱ्या दिव्यांजवळ वापरणे धोक्याचे असते.

फिनेल व डांबरापासून काढलेले तत्सम काळे द्रव सरीसृपांसाठी वर्ज्य होत. त्यांतील फिनॉले त्वचेतून व श्वासावाटे शरीरात जाऊन विषारी परिणाम घडवितात आणि त्यांचा अंश लाकडात व फटींत दीर्घकाळ राहतो. साप येऊ नये म्हणून घराभोवती फिनेल वा कार्बॉलिक अम्ल शिंपडण्याची चाल खेड्यांत रूढ आहे. तो साप रोखण्याचा खात्रीचा उपाय नाही. बंद पेटीत मात्र हाच द्रव प्राण्याचा घात करू शकतो.

दोन द्रव्ये एकत्र करणे हा या कामातील सर्वांत गंभीर धोका होय. शौचकूप साफ करण्याच्या द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक अम्ल असते. ते क्लोरिनाच्या विद्रावात मिसळताच विषारी क्लोरीन वायू सुटतो. अमोनियाशी मिश्रण झाल्यास क्लोरॅमिनाच्या विषारी वाफा निर्माण होतात. म्हणून एका वेळी एकच द्रव्य, मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालून वापरतात.

उष्णता व वाळवण : पाण्याची भांडी, दगड, वाळू, कापडी पिशव्या इ. ज्या वस्तू उकळता येतात, त्यांसाठी उकळणे हा सर्वांत निर्धोक उपाय आहे. क्रिप्टोस्पोरिडियमाच्या अंडपुट्या व माइटची अंडी ओलसर उष्णतेने नष्ट होतात आणि संपूर्ण वाळविल्याने अंडपुट्यांची जीवनक्षमता झपाट्याने घटते. पेटीच्या खाचांत वाफ सोडणेही गुणकारी असते. काच, कठीण प्लॅस्टिक व न गंजणारे पोलाद यांचे पृष्ठभाग साफ करणे सोपे असते; कच्चे लाकूड, झाडाच्या साली व काथ्या यांत द्रव मुरतो व जंतू दडून राहतात, म्हणून संसर्ग झाल्यावर त्या वस्तू टाकून देणेच इष्ट ठरते. वर्तमानपत्राचा कागद हे साधे, पण रोज बदलता येणारे अंथरूण आहे. कीटकनाशके फवारलेल्या शेतातील माती अंथरूण म्हणून वापरीत नाहीत.

स्थानिक परिस्थिती : परभणी जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान ४०° से.च्या वर जाते. या काळात विरंजक चूर्ण व हायपोक्लोराइट यांतील क्लोरीन लवकर उडून जातो. म्हणून ती घट्ट झाकून, थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी लागतात आणि पातळ केलेला विद्राव त्याच दिवशी वापरून संपवावा लागतो. वर्षानुवर्षे उघड्या पडलेल्या चूर्णाला क्लोरिनाचा वास येत असला, तरी त्याची शक्ती बरीच क्षीण झालेली असते. बेसाल्टी खडकातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बऱ्याचदा कठीण असते; त्यात साबणाचा फेस होत नाही, साका बसतो व काही चतुष्क अमोनियम संयुगांचा प्रभाव कमी होतो. अशा ठिकाणी साबणाऐवजी प्रक्षालक वापरणे व भांड्यावरील क्षारांचा थर खरवडून काढणे आवश्यक असते. उन्हाळ्यातील कडक ऊन रिकामी पेटी वाळविण्यास उत्तम असते, पण ते जंतुनाशकाची जागा घेऊ शकत नाही. प्राणी आत असताना काचपात्र उन्हात ठेवल्यास तो थोड्याच वेळात उष्णतेने मरतो. पावसाळ्यात वाळण्यास वेळ लागत असल्याने कवकांची वाढ होते. त्यासाठी एक जादा पेटी आलटूनपालटून वापरणे सोयीचे असते.

माणसाची सुरक्षितता : सरीसृपांची भांडी स्वयंपाकघरातील मोरीत धूत नाहीत. टाकीतील घाण पाणी शौचकूपात ओततात. ते आडात, ओढ्यात वा नदीत जाऊ देत नाहीत. नको झालेले लाल पट्ट्याचे विदेशी कासव गोदावरीत वा तळ्यात सोडणेही अयोग्य होय, कारण ही आक्रमक जाती देशी कासवांच्या अन्नात व जागेत वाटेकरी होते. काम संपल्यावर हात साबणाने चांगले धुतात. लहान मुलांना हे काम देत नाहीत. विषारी सापाची पेटी प्रशिक्षित व्यक्तीनेच, साप वेगळ्या कुलूपबंद पात्रात गेल्याची खात्री करून साफ करावयाची असते. अंथरुणात गळून पडलेले विषदंत असू शकतात. म्हणून ते हाताने न चाळता चिमट्याने उचलतात.

प्राणी आजारी दिसल्यास केवळ जंतुनाशकाची मात्रा वाढविणे निरर्थक असते. माइटवरील उपचारही पशुवैद्याच्या सल्ल्यानेच करतात. आयव्हरमेक्टिन हे गुराढोरांना सर्रास दिले जाणारे औषध कासवांना प्राणघातक ठरते. परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालय २००० पासून महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत असून जिल्ह्यात पशुवैद्यकीय सल्ल्यासाठी ते जवळचे केंद्र आहे. जखमी वा आजारी वन्य सापाबाबत मात्र प्रथम वनखात्यास कळविणे आवश्यक असते. अशा प्राण्याला हाताळलेली पिशवी उकळून, पेटी घासून, जंतुनाशक लावून व वाळवून झाल्याखेरीज दुसऱ्या प्राण्यासाठी वापरीत नाहीत.