तीन गाद्यांचा वारस

ग्रानाडा शहरात राजघराण्याचं प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या तळघरात पाच शवपेट्या दिसतात. चार मोठ्या : कॅस्टिलची राणी इसाबेला, तिचा नवरा अरागॉनचा राजा फर्डिनांड, त्यांची मुलगी हुआना आणि जावई फिलिप. पाचवी अगदी लहान. ती इसाबेला-फर्डिनांड यांच्या नातवाची, मिगेलची. ऑगस्ट १४९८ मध्ये जन्मलेलं हे मूल जुलै १५०० मध्ये दगावलं. तोवर कॅस्टिल, अरागॉन आणि पोर्तुगाल या तिन्ही राज्यांनी त्याला वारस मानलं होतं. ती छोटी पेटी पाहून 'हा जगला असता तर?' हा प्रश्न मनात येतोच. त्याची उत्तरं मात्र फार घाईनं दिली जातात.

सगळ्यांत रुळलेलं उत्तर असं, की स्पेन आणि पोर्तुगाल मिळून एकच देश झाला असता. मुळात 'स्पेन' तरी तेव्हा एक कुठे होता? इसाबेला-फर्डिनांड यांच्या १४६९ च्या लग्नानं घर एक झालं. कायदे, कर आणि 'कोर्तेस' म्हणजे प्रतिनिधींच्या सभा वेगळ्याच राहिल्या. म्हणून तर मिगेलसाठी सारागोसा, ओकान्या आणि लिस्बन अशा तीन ठिकाणी शपथा झाल्या. त्याची आई, थोरली राजकन्या इसाबेल, हिला कॅस्टिलनं वारस मानलं होतं. अरागॉनची सभा मात्र बाईला गादी द्यावी की नाही यावर अडून बसली. तो घोळ चालू असतानाच सारागोसात ती बाळंतपणात गेली, आणि मुलगा झाला म्हणून वाद मिटला. लिस्बनमध्ये तर मिगेलचे वडील, पोर्तुगालचे राजे मानुएल यांना आधी हमी द्यावी लागली, की पोर्तुगालचा कारभार पोर्तुगीजांच्याच हाती राहील.

ही हमी पोकळ नव्हती. स्पेनचा दुसरा फिलिप १५८० मध्ये पोर्तुगालच्या गादीवर आला, तेव्हा तोमारच्या सभेत त्यानंही तसंच वचन दिलं. म्हणूनच 'त्यानंतरच्या साठ वर्षांत गोव्यात स्पॅनिश अंमल होता' हेही अर्धसत्य आहे. राजा माद्रिदचा होता, पण गोवा, वसई, चौलचा कारभार पोर्तुगीज व्हाइसरॉयच पाहत होते.

हाब्सबर्ग घराण्यानं आपल्या फिलिपचं हुआनाशी लग्न जुळवतानाच स्पेनवर डोळा ठेवला होता, असंही म्हणतात. पण हुआना होती तिसरं अपत्य. आधी भाऊ हुआन गेला, मग बहीण, मग हा भाचा. फेब्रुवारी १५०० मध्ये तिचा मुलगा चार्ल्स जन्मला, तेव्हा मिगेल जिवंत होता.

मिगेलबरोबर एकत्र येण्याची वाटच बंद झाली, हेही खरं नाही. त्याच वर्षी मानुएलनं मेहुणीशी, मारियाशी, लग्न केलं. त्यांची मुलगी पुढे याच चार्ल्सला दिली. तिचाच मुलगा दुसरा फिलिप, आणि पोर्तुगालच्या गादीवर त्यानं हक्क सांगितला तो आईकडून.