रक्तातली साखर आणि घराण्याचं बेणं



काट्यावर गाड्यांची रांग लागली की गप्पांना ऊत येतो. त्यात आम्ही एक गोष्ट अनेकदा ऐकतो. "थोरल्याला वीस वर्षं झाली साखर होऊन, गडी अजून पैठणचा बाजार करून येतो. धाकट्याला पाचच वर्षं झाली होती. रात्री दारं धरून आला, दरदरून घाम फुटला, आणि घाटीत नेईपर्यंत खेळ संपला." मग कोणी नशीब म्हणतं, कोणी करणीवर जातं. आई-बाप तेच, भाकरी तीच, साखरेचा आकडाही जवळपास तोच, मग एकाच्याच काळजावर घाव का बसला?

रक्तात साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते आणि तिथे चरबीचे थर बसू लागतात. ठिबकच्या नळीत क्षार साचतात तसंच हे. पण सगळ्यांच्या नळ्या सारख्या वेगाने बुजत नाहीत, आणि त्याचं एक कारण बेण्यात असतं. क्षारपड रानात फुले २६५ तग धरतो, त्याच रानात दुसरा वाण पिवळा पडतो. पाणी तेच, खत तेच. माणसाचं बेणं म्हणजे आई-वडिलांकडून आलेली जनुकं. सख्ख्या भावांच्याही वाट्याला ती सारखी येत नाहीत, एकाला एक वाटणी, दुसऱ्याला दुसरी.

अमेरिकेतल्या हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ साली एक मासलेवाईक गोष्ट दाखवली. पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर ग्लूटामाइन तयार करणाऱ्या जनुकाजवळ एक फरक सापडला. तो ज्या मधुमेही माणसांत होता त्यांना हृदयविकाराचा धोका सुमारे ३६ टक्के जास्त निघाला. मधुमेह नसलेल्यांत मात्र त्याच फरकाने काही बिघडत नव्हतं. म्हणजे खोट बेण्यात दडलेली, आणि साखर वाढली की ती उगवून वर येते.

दुसरं उदाहरण आपल्या अधिक जवळचं. रक्तात हॅप्टोग्लोबिन नावाचं एक प्रथिन असतं. फुटलेल्या तांबड्या पेशींतून सांडलेलं लोहयुक्त द्रव्य गोळा करणं हे त्याचं काम. जनुकांप्रमाणे त्याचे प्रकार पडतात. त्यातला 'दोन-दोन' हा प्रकार साफसफाईत कच्चा, आणि मधुमेह्यांत त्याच्यामुळे हृदयविकार वाढतो असं इस्रायलच्या डॉक्टरांना दिसून आलं. आपल्या देशात हाच प्रकार फार लोकांत आढळतो.

"पण मी तर काटकुळा, मला काय होतंय?" असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचा दाखला देतो. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला दोघांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचाही २२.३. चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२! बारीक दिसणाऱ्या आपल्या देहात चरबी लपलेली असते. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास केला, त्यात जन्मलेल्या बाळांतही हेच दिसलं. यात सगळा दोष जनुकांचा नाही. पोटात असताना आईला काय खायला मिळालं, हेही त्यात येतं. सून गरोदर असताना तिच्या ताटाकडे बघायचं ते यासाठी.

आता करायचं काय? जनुकांची महागडी तपासणी करा असं आम्ही सांगणार नाही. असले बहुतेक अभ्यास गोऱ्या लोकांवर झालेत, त्यांचा हिशेब आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. एक साधी रक्ततपासणी मात्र डॉक्टरांना जरूर विचारा, लायपोप्रोटीन-ए. हे प्रमाण बहुतांशी जन्मतःच ठरतं, म्हणून आयुष्यात एकदा पाहिलं तरी सहसा पुरतं. भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४ साली ही तपासणी एकदा तरी करावी असं सांगितलं आहे. ५० मिलिग्रॅमच्या वर निघालं तर कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब यांवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

बेणं बदलता येत नाही, मशागत येते. २०१६ साली ५५ हजारांवर लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांची जनुकं सर्वांत वाईट, त्यांच्यातही तंबाखू-विडी न ओढणारे, वजन आटोक्यात ठेवणारे, चालते-फिरते आणि नीट जेवणारे यांचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला होता.

आणखी एक. साखरेने नसा बधिर झालेल्या माणसाला झटका आला तरी छातीत कळ येईलच असं नाही. नुसता घाम, धाप, मळमळ, एवढंच. "पित्त झालं असेल" म्हणून सोडा पिऊन पडून राहू नका, लगेच दवाखाना गाठा.

पुढच्या वेळी तपासणीला जाताना घरातल्या जाणत्या माणसाला विचारून केसपेपरच्या मागे लिहून न्या: वडिलांना किंवा भावाला ५५ वर्षांच्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयाचा त्रास झाला होता का, आणि कितव्या वर्षी. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तो कागद त्यांच्यापुढे ठेवा.