घाटातलं वळण: गाडी कलते कशी आणि थांबते कशी

कोल्हापुरात मोटरसायकलवर व्याख्यान द्यायचं म्हणजे पोहणाऱ्याला पंचगंगा दाखवण्यासारखं आहे. इथं बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाट उतरलेला असेल. आंबा, फोंडा, आंबोली हे तर अंगणातलेच. आणि काही जण येत्या उन्हाळ्यात गाडीवर लेहला निघायच्या तयारीत असणार, हेही आम्हाला ठाऊक आहे. म्हणून आज एकच प्रश्न घेऊ. घरापासून अडीच हजार किलोमीटरवर, अनोळखी डोंगरात, समोर आंधळं वळण आलं तर नेमकं काय करायचं?

आधी वळताना काय होतं ते पाहू. दुचाकी वळते ती कलून. किती कलायचं हे वेग आणि वळणाची त्रिज्या मिळून ठरवतात. 20 मीटर त्रिज्येचं वळण धरा. ताशी 30 किलोमीटरला गाडी सुमारे 20 अंश कलावी लागते, 40 ला 32 अंश आणि 50 ला जवळजवळ 45 अंश. म्हणजे वेग थोडा वाढला तरी कल भराभर वाढतो, कारण इथं वेगाचा वर्ग मोजला जातो. 45 अंश हे रेसच्या ट्रॅकवरचं काम आहे. आपल्या घाटात पावसाळ्यानंतर वळणावर जांभ्याची माती, बारीक खडी आणि कडेला शेवाळ असतं. तिथं 20 अंशसुद्धा जपून.

आता टायरची पकड. ही पकड महिन्याच्या पगारासारखी समजा. रक्कम ठरलेली असते. ती सगळी ब्रेकवर खर्च केली तर वळायला काही उरत नाही, आणि वळण्यात खर्च झाली तर ब्रेकला उरत नाही. कललेल्या गाडीवर पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक घसरतं ते याचमुळे. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. गिअरही तेव्हाच टाकायचा. मग नजर वळणाच्या शेवटाकडे न्यायची. दरीकडे बघत राहिलो तर गाडीही तिकडंच ओढली जाते. डावीकडे वळायचं असेल तर डाव्या हातानं हँडल हलकंच पुढं ढकला, गाडी डावीकडे कलेल. आपण सगळे हे नकळत करतोच. जाणून केलं तर अडचणीच्या क्षणी हात बरोबर चालतो.

उतारावर दुसरा शत्रू म्हणजे उष्णता. मनाली-लेह रस्त्यावरची बारालाचा ला ही खिंड साधारण 4,900 मीटरवर आहे. तिथून दारच्यापर्यंत उतरताना आपण सुमारे दीड हजार मीटर खाली येतो. गाडी, दोन माणसं आणि सामान मिळून 350 किलो धरा. या उतारात जी ऊर्जा जिरवावी लागते, तिनं 16 लिटर थंड पाणी उकळीला येईल. ही सगळी आग ब्रेकच्या माथी मारली तर पॅड तापतात, ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि ब्रेक पोकळ लागतो.

आमच्यावर ही वेळ आलेली आहे. लेहहून परतताना आम्ही दोघं डबलसीट होतो. गाटा लूप्सची 21 वळणं निर्धास्त उतरलो, म्हणून अंगात थोडी हवा शिरली. पुढं याच उतारावर आमचा पाय मागच्या ब्रेकवर ठेवलेलाच होता. एका वळणाआधी पेडल दाबलं तर ते नुसतंच खाली गेलं. मागं बसलेल्या माणसाला काही कळायच्या आत पुढचा ब्रेक जपून वापरत, एकेक गिअर खाली आणत, गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. अर्धा तास तिथंच बसून राहिलो. चूक सर्वस्वी आमची. ब्रेक ऑइल जुनं होतं आणि इंजिनानं वेग धरून ठेवायचं काम आम्ही ब्रेकवर टाकलं होतं. तेव्हापासून नियम असा: ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक अधूनमधून लावा आणि सोडा. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवू नका.

तिसरी गोष्ट समोरच्याची. एसटी किंवा ट्रक तीव्र वळण घेताना सगळा रस्ता व्यापतो, कारण त्याची मागची चाकं आतल्या बाजूनं कापत येतात. त्याच्या आतून घुसणं म्हणजे नसता उद्योग. अलीकडेच थांबा, त्याला जाऊ द्या. आणि रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नुसता शिष्टाचार नाही, तो आपल्याकडच्या वाहन चालवण्याच्या नियमांतच आहे. उजव्या वळणावर आणखी जपा. चाकं आपल्या बाजूला असली तरी कललेलं डोकं पलीकडच्या बाजूत गेलेलं असतं.

मग लडाखमध्ये वेगळं काय? गणित तेच, फक्त चुकीला जागा कमी. पाच हजार मीटरच्या वर हवेचा दाब जवळजवळ निम्मा होतो. गाडीची ताकद घटते आणि आपलं डोकंही मंद चालतं. दुपारनंतर बर्फ वितळून रस्त्यावरच्या नाल्यांचं पाणी वाढतं, म्हणून ते सकाळीच ओलांडायचे. आणि मदत लांब असते. करूळमध्ये पडलो तर मागून कुणीतरी येतंच. तिथं तासभर कुणी फिरकणार नाही.

शेवटी एकच सूत्र घरी घेऊन जा. समोर जेवढा रस्ता दिसतो, त्याच्या निम्म्यात थांबता येईल एवढाच वेग. निम्म्यात का? उरलेला निम्मा समोरून येणाऱ्याला थांबायला लागतो. सोबतचे पुढं गेले तर जाऊ द्यात, चहाच्या टपरीवर भेटतीलच. लेहला जायच्या आधी चार रविवार डबलसीट आणि सामानासकट करूळ घाट चढा-उतरा, ब्रेक ऑइल बदला, आणि मगच निघा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.