मारावा की बरणीत धरावा?

विषारी कोळी दिसला की त्याला मारावे की सोडून द्यावे, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी भीती आणि भूतदया यांच्या ओढाताणीत अडकून पडतो. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात मात्र वैद्यकाच्या गरजेतून त्याला एक तिसरे उत्तर मिळाले आहे, ते म्हणजे कोळी जिवंत पकडून आणून द्यावा. हे उत्तर सगळ्याच कोळ्यांना लागू नाही. ते ज्याच्यासाठी आहे तो ‘फनेल-वेब’ हा तुकतुकीत काळा कोळी सिडनीच्या आसपासच्या प्रदेशात ओलसर जमिनीत, दगडांखाली किंवा कुजक्या ओंडक्यांखाली बीळ करतो आणि बिळाच्या तोंडाशी रेशमी धागे पसरून भक्ष्याची वाट पाहतो.

मादी जवळजवळ सारे आयुष्य बिळातच काढते, परंतु प्रौढ नर तेथील उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्या शरदात मादीच्या शोधार्थ बाहेर पडतो, आणि विशेषतः पावसानंतरच्या रात्री भटकत भटकत घरात, जमिनीवर पडलेल्या कपड्यांत, बुटांत किंवा पोहण्याच्या तलावात येऊन पडतो. माणसाच्या दृष्टीने दुर्दैव असे की, ज्याची गाठ पडण्याचा संभव अधिक तोच अधिक घातक आहे, कारण नराचे विष मादीच्या विषापेक्षा कितीतरी पटींनी जहाल असते. त्यातील ‘डेल्टा-हेक्साटॉक्सिन’ या वर्गातील प्रथिन मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग नीट बंद होऊ देत नाही, त्यामुळे मज्जातंतू थांबल्याविना संदेश पाठवत राहतात आणि घाम, लाळ, स्नायूंचे आचके, श्वासाचा त्रास अशी लक्षणे झपाट्याने उमटतात. कुत्र्यामांजरांवर या विषाचा परिणाम सौम्य होतो, माणसावर आणि माकडांवर मात्र तो जीवघेणा ठरू शकतो. माणसाला मारण्यासाठी हे विष घडलेले नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार बिळाबाहेर पडलेल्या नराला आपल्या शत्रूंपासून बचाव करता यावा म्हणून ते विकसित झाले, आणि माणसाचे शरीर त्याला बळी पडते हा केवळ योगायोग आहे.

१९२७ पासून १९८० पर्यंत या कोळ्याच्या दंशाने १३ मृत्यू झाल्याची नोंद आहे. स्ट्रुआन सदरलंड या वैद्यक-संशोधकाच्या प्रयत्नांतून १९८१ मध्ये प्रतिविष, म्हणजे विषाचा प्रभाव नाहीसा करणारे औषध, वापरात आले आणि त्यानंतर या दंशाने मृत्यू झाल्याची नोंद नाही. परंतु हे औषध कारखान्यात निव्वळ रसायने मिसळून होत नाही. सशांना विषाच्या अल्प मात्रा वाढत्या प्रमाणात देत गेल्यावर त्यांच्या रक्तात जी प्रतिद्रव्ये तयार होतात, त्यांपासून ते बनवतात, आणि त्यासाठी लागणारे विष सिडनीच्या उत्तरेला सोमर्सबी येथील ‘ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्क’ या संस्थेत जिवंत नरांच्या विषदंतांच्या टोकांवरून काचेच्या बारीक नळीने थेंब थेंब करून ओढून घेतात. एका कोळ्यापासून मिळणारे विष इतके अल्प असते की एका कुपीच्या औषधासाठी ही क्रिया कितीतरी वेळा करावी लागते. म्हणूनच ही संस्था नागरिकांना आवाहन करते की नर दिसल्यास रुंद तोंडाच्या बरणीत लांब दांड्याच्या साधनाने ढकलावा, आत थोडी ओली माती घालावी आणि ठरलेल्या संकलन केंद्रावर पोचवावा. हा कोळी गुळगुळीत काचेवर चढू शकत नाही, एवढा दिलासा त्यात आहे. भारतातही तामिळनाडूतील इरुला समाजाची १९७८ मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था सापांच्या बाबतीत अशाच न्यायाने चालते: साप पकडावा, विष काढावे आणि त्याला पुन्हा रानात सोडावे.

पाठीवर तांबडा पट्टा असलेल्या ‘रेडबॅक’ कोळ्याची गोष्ट वेगळी आहे. तो सर्वत्र विपुल असल्याने त्याला मारण्याबद्दल फारसे कोणी हळहळत नाही, आणि बाकाखाली किंवा अंगणातील खेळण्यात तो मुलांच्या हाताशी असेल तर मारणे गैरही नाही. त्याच्या मादीच्या दंशाने तीव्र, रेंगाळणाऱ्या वेदना होतात. त्यावरचे प्रतिविष १९५६ पासून उपलब्ध आहे, परंतु २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत असे दिसले की नेहमीच्या वेदनाशामकांना त्याची जोड दिल्याने फारसा फरक पडत नाही.

सर्वांत जास्त मार खातो तो मात्र निरुपद्रवी कोळीच. भिंतीवर पंजाएवढे पाय पसरून बसणारा ‘हंट्समन’ दिसायला भयंकर, पण त्याचा दंश क्वचितच चिंतेचा ठरतो, आणि झुरळे खाऊन तो घरमालकाचे कामच करतो. त्याचा एक नातलग कोकणातील जुन्या घरांतही पोटाखाली अंड्यांची चपटी पांढरी पिशवी धरून फिरताना दिसतो. शेपटाशी पांढरा ठिपका असलेल्या ‘व्हाइट-टेल’ कोळ्याच्या दंशाने मांस सडते असा समज ऑस्ट्रेलियात खोलवर रुजला होता, पण २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, अशा १३० दंशांच्या अभ्यासात एकाही रुग्णाला तसे व्रण झाले नव्हते. ज्या जखमांचा दोष त्याच्या माथी मारला गेला, त्यांची कारणे इतरत्र शोधायला हवी होती, आणि या चुकीच्या निदानाने कोळ्यापेक्षा रुग्णाचेच अधिक नुकसान झाले असणार.

दंश झालाच, तर कोळ्याच्या मागे धावण्यात वेळ दवडणे परवडणारे नाही. फनेल-वेबच्या शंकेत दंशाच्या जागेपासून साऱ्या हातापायावर घट्ट पट्टी गुंडाळून तो अवयव खपच्यांनी स्थिर ठेवावा आणि रुग्णाला चालू न देता रुग्णवाहिका बोलवावी. रेडबॅकच्या दंशावर मात्र अशी पट्टी बांधू नये, कारण दाबाने वेदना वाढते, तिथे बर्फाचा शेक पुरतो.