फ्रेमच्या दुकानाची आर्ट गॅलरी झाली, यातून आपण काय घ्यायचं?

मुंबईत केकू गांधींचा १९४१ पासून ‘केमोल्ड’ नावाने चित्रांच्या फ्रेमचा धंदा होता. चित्रकारांशी ओळख वाढली, तशी त्यांची चित्रंही शोरूममध्ये लागली. १९६३ मध्ये त्यांनी आणि पत्नी खोर्शेद यांनी जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर ‘गॅलरी केमोल्ड’ सुरू केली.

आता तिथले कलाकार बघा. भूपेन खक्कर पेशाने अकाउंटंट. त्यांनी न्हावी, घड्याळ दुरुस्त करणारे रंगवले. अतुल डोडियांनी दुकानाच्या शटरवर चित्रं काढली. जिव्या सोमा म्हसेंची वारली चित्रं १९७५ मध्ये इथे लागली. तिघांचं काम एकमेकांशी जुळत नाही. म्हणूनच “हेच शेजारी स्वस्तात मिळतं” असं गिऱ्हाईक म्हणूच शकत नाही.

हॉल भाड्याने देणं वेगळं, कलाकाराचं प्रतिनिधित्व करणं वेगळं. प्रतिनिधित्व करणारी गॅलरी प्रदर्शन भरवते, गिऱ्हाईक शोधते आणि विक्री झाली तरच कमिशन घेते, बऱ्याचदा निम्मं. चित्र विकलं नाही, तर भाडं-पगार तिच्याच अंगावर. म्हणून निवड जपून करावी लागते.

तुम्ही नरडाण्यात गोधड्या, पापड, कुरडया विकायला ठेवणार असाल, तर तीन गोष्टी पाळा. वेगळा हात असलेल्यांचाच माल घ्या. वस्तूवर बनवणारीचं नाव लावा. कमिशन आणि पैसे देण्याची तारीख आधीच कागदावर लिहा. सगळ्यांचा माल बिननावाच्या एकाच पाकिटात भरलात, तर तुमच्याकडे लढायला फक्त भाव उरेल. आणि भावात मोठा दुकानदार तुम्हाला हरवणारच.